पत्रकातली तिसरी ओळ

आई,

तुला जाऊन नऊ वर्षं झाली आणि मी अजून तिथेच नोकरी करते. विद्यापीठाचं कॅन्सर सेंटर. वरच्या मजल्यांवर प्रयोगशाळा, खाली पेशंट, आणि लिफ्टशेजारच्या खोलीत आम्ही तिघी. लोकांना वेळेवर तपासणीला आणायचं, हे आमचं काम. तू शेजारणींना सांगायचीस, 'आमची लेक कॅन्सरवर संशोधन करते.' मी कितीदा म्हटलं, अगं, संशोधन वरचे लोक करतात, मी नुसते कागद वाटते. तू म्हणायचीस, तेच ते. तेच ते कसं असेल? वरच्यांनी पेशी बघायच्या आणि मी माणसं. मला घरातलंच माणूस दिसलं नाही, असं तरी मी आजवर सगळ्यांना सांगत आले.

इथे आयर्लंडमध्ये, टॅलाच्या त्या फ्लॅटमध्ये तू माझ्या बाळंतपणाला आलीस ती तीन महिन्यांच्या व्हिसावर. बॅगेत डिंक, खारीक, बाळंतशोपा, आणि एक डबाभर सब्जा. बाहेर फेब्रुवारीच्या गारा खिडकीवर आपटताहेत आणि तू ओट्याशी उभी राहून भिजवलेला सब्जा पिते आहेस. मी हसले. म्हटलं, 'इथे लोक हीटरला चिकटून बसलेत आणि तुला सब्जा?' तू म्हणालीस, 'उष्णता झालीय गं मला. तुझ्या त्या हीटरनंच.' मी हीटर कमी केला. कॅन्सर सेंटरमध्ये पगार घेणाऱ्या मुलीने एवढंच केलं, हीटर कमी केला.

त्याच आठवड्यात मी रजेवर असूनही ऑफिसचं एक काम घेतलं, कारण तिथे मराठी येणारी मी एकटीच. गर्भाशयाच्या कॅन्सरचं पत्रक मराठीत करायचं होतं. तू पाय पसरून बसली होतीस, नात पायांवर, हाताला तेल. मी वाचत होते. तिसरी ओळ होती, 'रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव आढळल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा.' तू म्हणालीस, 'असं कोण बोलतं? बायकांना वाटेल, हे दुसऱ्याच कुणाचं दुखणं.' मग कसं लिहू, विचारलं. तू मान वर केली नाहीस, हातही थांबला नाही. 'लिही, पाळी जाऊन वर्षं झाली आणि परत डाग दिसला, तर दुखत नसलं तरी उष्णता म्हणून सोडून देऊ नका. लेकीला सांगा.' मी खूश होऊन जसंच्या तसं उतरवून घेतलं. माझी कॉर्क गावची बॉस म्हणाली, 'युअर मॅम इज ओन्ली ब्रिलियंट,' म्हणजे तुझी आई कमालच आहे. तुला सांगितल्यावर तू लाजलीस, म्हणालीस, त्यात काय एवढं. एखाद्या आईने आपल्या लेकीला याहून स्पष्ट कसं सांगावं, ते मला आजही सुचत नाही.

तू परत गेलीस. पाच महिन्यांनी दादाचा फोन आला तेव्हा ते दुखणं सगळ्या पोटात पसरलं होतं. मी आले, तुझ्या कॉटशी बसून भांडल्यासारखी विचारत राहिले, का नाही बोललीस? तू म्हणालीस, 'तू ओली बाळंतीण. तुझ्या जिवाला कशाला घोर?' वर मलाच विचारलंस, जेवलीस का. इथे खेड्यापाड्यांतल्या हॉलमध्ये आम्ही टेबल मांडतो तेव्हा आयरिश म्हाताऱ्याही असंच बोलतात. काही विचारा, 'ग्रँड' म्हणतात, म्हणजे अगदी छान आहे. घरोघरी मातीच्या चुली. पण त्यांच्या चुली मी पाहू शकते, फुंकर घालू शकते, आपली विझली.

गेल्या महिन्यात सँडीफोर्डला आपल्या लोकांचा कार्यक्रम होता, तिथे मी पत्रकं घेऊन बसले होते. बहुतेक जण त्यावर वडा ठेवून खातात, त्याची सवय आहे मला. एक बाई आल्या, सांगलीकडच्या, किलकेनीला मुलाकडे आलेल्या. माझे दोन्ही हात धरले. 'बाई, तुमचा कागद वाचला म्हून मी हाय. डाग दिसला, मी म्हनलं उष्णता आसंल. तर कागदावर त्येच लिवल्यालं. पोराला सांगाय लाज वाटली, सुनेला सांगितलं. लवकर घावलं म्हनाले डाक्टर.' मग म्हणाल्या, 'कुनाला सुचलं वो असं लिवायला?' मी म्हटलं, 'ऑफिसात तयार होतं.' तुझं नाव घेतलं नाही. मला त्या बाईचा राग आला, आई. ती जगली याचा राग. गाडीत बसून रडले ते तुझ्यासाठी नव्हतं, माझ्या मनाच्या किळसेने होतं. लेक मागच्या सीटवरून म्हणत होती, 'आर यू ओके, मॅम?' मराठी तिला सगळं कळतं, बोलत नाही. मी म्हटलं, ग्रँड.

हे पत्र जाणार कुठे? दादालाही दाखवणार नाही. ज्यासाठी लिहायला बसले ते अजून लिहिलेलंच नाही, ते लिहिते.

पत्रक वाचून दाखवलं त्याच्या दोन दिवस आधी बाथरूमच्या बादलीत एक कपडा भिजत होता, पाणी लालसर. तू घाईने पुढे झालीस, 'तुझाच गं, टाकते धुऊन.' माझंही अंगावरून जात होतं तेव्हा, त्यामुळे खपून गेलं. पण बादलीत परकर होता, आणि त्या घरात परकर फक्त तुझे होते. मला कळलं होतं, आई. तिसरी ओळ लिहून घेताना दुसऱ्यांदा कळलं. तुझा व्हिसा संपायला सात आठवडे उरले होते. विचारलं असतं तर तपासण्या लागल्या असत्या, उपचारांसाठी पहिल्या विमानाने तुला घरी पाठवावं लागलं असतं. आणि तू रोज सकाळी बाळ उचलून न्यायचीस, म्हणून मला दोन तास झोप मिळत होती.

मला ती झोप हवी होती.