पाचच्या बॅचचा रुमाल

१० मार्च २००८, सोमवार

पुन्हा पाचच! आज घड्याळ समोर ठेवूनच बसले होते. चार अठ्ठावन्नला पान कसं झटक्यात उघडत होतं. पाच वाजून दोन मिनिटांनी — मेलं! पांढरा पडदा, कोपऱ्यात फिरणारं चक्र. सात वाजले की आपोआप बरं. आठ दिवस हेच चाललंय.

आजऱ्याहून संयोगिताताईंचा फोन आलाच. बायकांचा काजू संघ त्या चालवतात. संघाच्या सातही खरेदी केंद्रांची रोजची नोंद माझ्या साईटवर होते, आणि नोंद झाल्याशिवाय माल उतरवून घेता येत नाही. "बायका पोती घिऊन उभ्या हायत, आणि तुमचं पान उघडंना! पाडव्यापतोर बघतो बाई. न्हायतर पुण्याची कंपनी हाय की."

संघ गेला तर या दोन खोल्यांच्या ऑफिसला कुलूप. आणि मी पुण्यात कुणाच्या तरी हाताखाली. इतकं सरळ आहे.

११ मार्च

दोष माझ्या प्रोग्रामचा नाही. चारदा तपासला.

सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या आदर्शकडून घेतलेला सर्व्हर म्हणजे अख्खा सर्व्हर नव्हेच. एक मोठं यंत्र, कुठल्याशा परदेशात ठेवलेलं. त्याचे त्यानं आठ वाटे केलेत, त्यातला एक माझा. दारं आठ, पण आतला प्रोसेसर सगळ्यांत मिळून एकच. एकानं हाणायला सुरुवात केली की बाकीचे सात ताटकळणार. आपल्या वाट्याचा किती वेळ दुसऱ्यानं खाल्ला, त्याचा आकडाही दिसतो. आज पाचनंतर — शंभरातले बासष्ट! त्या रकान्याचं नाव काय, तर एसटी. वडगावच्या स्टँडवर अर्धी जवानी एसटीची वाट बघण्यात गेली, ती कमी पडली म्हणून आता ही!

दसरा चौकात जाऊन आदर्शला गाठलं. "म्याडम, शेजारी जरा खादाड हाय तुमचा." कोण? "त्ये न्हाय सांगता येत. नियम हाय आमचा." दोन मेल टाकलेत म्हणे त्या शेजाऱ्याला. उत्तर नाही.

१२ मार्च

नियम म्हणे!

आमच्या वेळी शेजारी दिसायचा. हाताच्या अंतरावर. ९३ साल, शाहूपुरीत गुळाच्या वखारींमागं जोतीराम सरांचा कॉम्प्युटर क्लास. यंत्र एकच, त्याला आठ टर्मिनल. नुसतं टाईप करायचं असेल तर आठ जण खुशाल बसायचे. पण कुणी मोठा प्रोग्राम चालवायला घेतला की सगळ्यांचे पडदे थिजायचे. मग भांडणं. एकदा आमच्या बॅचच्या पृथ्वीराजनं रागानं कीबोर्ड आपटला, त्याच्या तीन कळा निखळल्या.

तेव्हा सरांनी रुमाल काढला. "एसटीत जागा कशी धरता रं? खिडकीतनं रुमाल टाकूनच न्हवं?" तसंच इथं. ज्याला मोठा प्रोग्राम चालवायचाय त्यानं आपल्या मॉनिटरवर रुमाल टाकायचा. बाकीच्यांनी हात मांडीवर. काम झालं की रुमाल उचलायचा, मग पुढच्याचा. रुमाल टाकलेल्याला कुणी एक शब्द बोलायचं नाही.

हात मांडीवर ठेवून बसलेले आम्ही सात जण! कधी गप्पा, कधी कुणाच्या डब्यातले शेंगदाणे. गुळाचा वास सगळ्या खोलीत. प्रोग्राम अडला की रुमालवाल्याचं तोंड पडायचं आणि सातही डोकी त्याच्या पडद्यात घुसायची. आयुष्यात जे काही शिकले ते त्या रिकाम्या वेळात. काय दिवस होते!

१५ मार्च

बासष्ट. अडुसष्ट. सत्तर.

१८ मार्च

माझ्या बाजूनं जे हलकं करता येईल ते केलं. चित्रं काढून टाकली. हिशेबाची कामं दुपारी दोनला उरकून घेते. तरी केंद्रांवर गर्दी होते ती पाचलाच, तिला मी काय करू? आजरा केंद्राच्या नोंदी आज फोनवरून घेतल्या. मी इकडं वहीत लिहिते, सातनंतर भरते. हा काय धंदा झाला!

सारखा तो वर्ग आठवतो. आणि तो वर्ग आठवला की शेवटचा दिवसही आठवतोच. लिहूनच टाकते एकदा.

माझं प्रोजेक्ट होतं 'पाळी'. तीस विद्यार्थी, आठ टर्मिनल, आठवड्याच्या बॅचेस — कुणावर अन्याय न होता सगळ्यांना पाळी कशी वाटून द्यायची, ते कॉम्प्युटरनंच सांगायचं. कल्पना झकास. पण मी बावळटानं त्याला एकूण एक शक्यता तपासायला लावली होती. शक्यता किती होतात याचा हिशेबच नव्हता केला. प्रोजेक्ट दाखवायच्या दिवशी पाचच्या बॅचला निळ्या काठाचा रुमाल टाकला आणि चालू केला. सव्वापाच. पावणेसहा. साडेसहा. उत्तर नाही. बाकी सात जणांची प्रोजेक्टं खोळंबलेली, पण नियम तो नियम — कुणी ब्र काढला नाही.

सात वाजायला दहा मिनिटं कमी असताना सर उठले. स्वतः आले. माझा रुमाल उचलला, घडी घालून माझ्या हातात दिला. म्हणाले, "बाकीची पोरं हायत, संघप्रिया."

त्यांचं चुकलं नव्हतं. आज कळतं. तेव्हा एकवीस वर्षांची होते, सगळ्यांसमोर रडू आलं, आणि त्या पायऱ्या पुन्हा चढले नाही. पंधरा वर्षं झाली. शाहूपुरीतून जाताना अजून तो बोळ टाळते.

२५ मार्च

आज तोंड सुटलं माझं. संयोगिताताई स्वतः येऊन गेल्या, एवढ्या लांबून. चहासुद्धा घेतला नाही. "तुमच्यावर राग न्हाय बाई, पर बायका माझ्या तोंडाकडं बघत्यात."

तशीच उठले आणि आदर्शच्या ऑफिसात गेले. म्हटलं, तो शेजारी तरी राहील नाहीतर मी तरी. आणि मी गेले तर माझ्या ओळखीची तीन गिऱ्हाइकं घेऊन जाईन.

"म्हातारा माणूस हाय, म्याडम."

म्हातारा असो की तरणा! मेलला उत्तर देत नाही, दुसऱ्याचं खातो — काढ त्याला!

आदर्श "बरं" म्हणाला.

२६ मार्च

पाच वाजून दोन मिनिटं. आकडा — शून्य!! सातही केंद्रं सुसाट. खुर्चीतून उठून एकटीच नाचले.

संयोगिताताई: "आता कसं!"

३१ मार्च

सगळं सुरळीत. वर्ष सरता सरता सुखाची झोप लागली.

२ एप्रिल

दुपारी फोन. आवाज कापरा, पण पहिल्या शब्दालाच ओळखला. "संघप्रिया न्हवं? मी जोतीराम सर. पन्हाळ्याहनं बोलतोय, पोरीकडं असतोय आता."

खुर्ची ओढून घेतली.

"अगं, आपला वर्ग बंद पडला की!"

मला कळेना. वर्ग बंद पडून दहा वर्षं झाली. मग सर सांगत गेले. जाताना पोरांनी टाकून दिलेल्या सगळ्या फ्लॉप्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या. डोळे अधू झाले तसं नातवाला हाताशी घेऊन सगळे प्रोग्राम उतरवले, दुरुस्त केले, आणि महिन्यापूर्वी आदर्शकडून सर्व्हरचा एक वाटा घेऊन त्यावर ठेवले. प्रत्येकाच्या नावाचं एक पान. "आणि रोज पाचला समदे चालू करतोय बघ. पाचची बॅच! सातला सुट्टी. एकाचं तेवढं उत्तर अजून येईना. त्याला सातला थांबवतो आणि दुसऱ्या दिशी तिथनंच पुढं सोडतो. पर गेल्या आठवड्यात कुणीतरी तक्रार केली म्हणं, वर्गच बंद केला. मला काय मेलबिल वाचता येत न्हाय आता. त्यो आदर्श म्हणाला, म्याडमना इचारा, त्यांना समदं म्हाईत हाय."

समदं म्हाईत हाय! आदर्श, लेका, चांगला सूड घेतलास.

"बघते सर," एवढंच म्हणाले. मी केली तक्रार, हे तोंडातून निघालं नाही. सर मला पासवर्डसुद्धा देऊन बसले.

३ एप्रिल

लाज वाटते. रुमालाच्या गोष्टी सांगायच्या, गुळाचा वास आठवून उसासे टाकायचे, आणि शेजारच्याला एका फटक्यात हाकलून द्यायचं! पाळी ठरवू या, असं मनातही आलं नाही. यंत्र सोय देतं — प्रत्येक वाट्याला मर्यादा घालता येते, कुणी कितीही हाणलं तरी त्याच्यापुढं जायचं नाही. मला ठाऊक होतं. रागाच्या भरात आठवलं नाही, की आठवायचं नव्हतं?

४ एप्रिल

सकाळी दसरा चौकात. आदर्शजवळ बसून आठही वाट्यांना मर्यादा घालून घेतली, माझ्यासकट. तो एकदाच म्हणाला, "ह्येच करायचं हुतं की, म्याडम." उद्या पाचला सरांचा वाटा सुरू करायचा. संघाची साईट तरली तर ठीक. परवा पाडवा आहे.

५ एप्रिल, शनिवार

पाच वाजले. सरांचा वर्ग सुरू झाला — आणि आजऱ्याची पानंही उघडताहेत! एकाच वेळी दोन्ही! मग सरांच्या पासवर्डनं आत डोकावले. एकोणतीस प्रोग्राम दोन मिनिटांत संपले. एकच राहिला, आपल्या मर्यादेला भिडून, दमानं चाललेला. तोच खादाड. नाव बघितलं: पाळी. उघडून पहिली ओळ वाचली. माझं नाव, ९३ साल.

सरांना फोन लावला. सगळं सांगितलं — तक्रार माझी, आणि प्रोग्रामही माझाच. तो या जन्मात संपायचा नाही, बंद करू का?

"ठाऊक हाय की मला, संपायचा न्हाय," सर म्हणाले. "पर तुझा रुमाल एकदा उचललाय मी, बाय. परत उचलायला हात धजला न्हाय."