माझ्या दोन्ही भावांना काहीही न ठेवण्याबद्दल

मी, वीणा श्रीराम केळुसकर, माहेरची वालावलकर, वय वर्षे त्रेसष्ट, शाळेची निवृत्त ग्रंथपाल, राहणार फ्रिस्को, टेक्सास, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, मराठीत आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. पोटातला आजार आता औषधांना जुमानत नाही, पण डोकं ठिकाणावर आहे. माझ्यावर कुणीही दबाव आणलेला नाही. या घरात दबाव आणणारं माणूस मी एकटीच होते, हे माझी मुलगी शपथेवर सांगेल.

माझी वकील अनन्या हिच्या म्हणण्याप्रमाणे या राज्यात स्वतःच्या हस्ताक्षरातलं मृत्युपत्र चालतं, भाषा कुठलीही असो. इंग्रजी भाषांतर ती करून घेणार आहे. भाषांतर करणाऱ्याला विनंती, की मी जिथे 'लाज' लिहिलं आहे तिथे त्याने गुळमुळीत शब्द घालू नये.

कलम १. राहतं घर माझी एकुलती मुलगी स्वानंदी हिला मिळावं. ती मॉरिसव्हिलला सुखात आहे. आईची आठवण म्हणून हे घर रिकामं ठेवू नये, खुशाल विकावं. घेणाऱ्याला मात्र आधीच सांगावं, की गॅरेजचं दार अडकतं आणि समोर रुपाली राहते.

कलम २. बँकेतली शिल्लक आणि निवृत्तीचे पैसे, दवाखान्याची बिलं भागवून जे उरेल ते, स्वानंदीलाच.

कलम ३. माझे यजमान कै. श्रीराम यांची हत्यारं, म्हणजे ड्रिल, करवती, पाने आणि ती जड लाल पेटी, जावई अमन याला. अमनने आजवर भिंतीत एक खिळा सरळ मारलेला नाही. काही मोडलं की म्हणतो, "आई, डोंट वरी, कुणाला तरी बोलावू." पेटी डोळ्यांसमोर राहिली तर एखादे दिवशी तरी उघडेल.

कलम ४. गुलाबाच्या चारही कुंड्या रुपालीला. अट एकच: तिने त्या तिच्या दारावरच्या कॅमेऱ्यासमोर अशा ठेवाव्यात की माझं दार दिसू नये. कारण पुढच्या कलमात.

कलम ५. माझे सख्खे भाऊ दोन. यतीन माझ्याहून दोन वर्षांनी लहान, शिव सहा वर्षांनी. दोघेही हयात, दोघेही टेक्सासातच. त्यांना मी काहीही ठेवत नाही. एक चमचासुद्धा नाही. हे नजरचुकीने राहिलेलं नाही आणि रागानेही केलेलं नाही. कारण सांगते, पण आधी ते कोण आहेत ते लिहू दे. कारण इथे नव्याने भेटणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत आले की मला भाऊच नाहीत.

आमचे बाबा तेल कंपनीत भूगर्भतज्ज्ञ. चौऱ्याहत्तर साली आम्हाला घेऊन पश्चिम टेक्सासात आले. तिथे झाडांपेक्षा तेलाचे पंप जास्त आणि माणसांपेक्षा शेळ्या. अंगणात रोज शेरीफ आणि दरोडेखोर चालायचं. यतीन मोठा म्हणून शेरीफ, शिव धाकटा म्हणून दरोडेखोर, आणि मी बँक. बँकेने लुटलं जायचं आणि ओरडायचं नाही. यतीन शिवला कुंपणाला बांधून ठेवायचा आणि आई आतून ओरडायची, "सोड रे त्याला, पानं वाढलीत!" मग दोघे एकदम धावत सुटायचे.

भाऊबीजेला ओवाळून घेताना भावाच्या डोक्यावर टोपी हवी. घरात टोप्या नव्हत्या, म्हणून बाबांनी दोघांना काउबॉय हॅट आणल्या. तेव्हापासून हॅट घालून पाटावर बसायचं ही आमच्या घरची रीतच पडली. बाप्ये झाले, पोटं सुटली, तरी तसेच बसायचे.

पुढे यतीन खरोखरच शेरीफच्या कचेरीत लागला. गुराढोरांच्या चोऱ्यांचा तपास त्याच्याकडे असे. आमच्या हळदीकुंकवात कुणाचा भाऊ सर्जन, कुणाचा फ्रीमाँटला मोठ्या कंपनीत. मी सांगायची, "माझा सरकारी नोकरीत आहे." पोलीस म्हणायला जीभ रेटत नसे. म्हणजे चोराची लाज वाटायच्या कितीतरी आधी मला प्रामाणिक भावाची लाज वाटत होती. हे कायद्याच्या कागदावर राहू दे.

शिवने शेळ्या पाळल्या. इथल्या देशी घरांना तो मटण पुरवायचा. मटण फर्मास, मागणी वाढत गेली, शेळ्या काही तेवढ्या वाढेनात. मग तो दुसऱ्यांच्या कुंपणातल्या उचलू लागला आणि त्यांच्या कानातले बिल्ले बदलू लागला. स्वानंदीच्या ग्रॅज्युएशनच्या पार्टीचं मटण त्याच शेळ्यांचं. यतीन तेव्हा नेमका त्याच चोऱ्यांच्या मागावर होता. त्याने दोनदा रस्सा घेतला आणि जाताना डबाही भरून नेला. हे आठवलं की हसू येतं, आणि मग हसल्याचीही लाज वाटते. त्यातल्या बऱ्याच शेळ्या एका म्हाताऱ्या जोडप्याच्या होत्या आणि त्या दोघांचं पोट त्या शेळ्यांवरच चालायचं.

शिवच्या नावाने वॉरंट निघालं आणि तो बेपत्ता झाला. पण २०१६च्या भाऊबीजेला तो माझ्याकडे आला. यतीन येणार हे त्याला माहीत होतं. शिव येणार हे यतीनला माहीत होतं. भाऊबीज चुकवायची नाही, एवढं वळण आईने दोघांना लावलं होतं. मी दोन पाट मांडले, दोघांना ओवाळलं, जेवायला वाढलं. वॉरंटचा विषय कुणी काढला नाही. बासुंदीची वाटी संपवून शिव म्हणाला, "चल दादा. आय ॲम रेडी."

यतीनने त्याला दाराबाहेर नेऊन बेड्या घातल्या. शिवची हॅट खाली पडली, ती उचलून, झटकून, पुन्हा त्याच्या डोक्यावर ठेवली. समोरून रुपालीच्या कॅमेऱ्याने सगळं टिपलं आणि संध्याकाळच्या आत तो व्हिडिओ इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर होता.

शिवला गाडीत बसवून यतीन परत आला, माझ्या पाया पडायचं राहिलं होतं म्हणून. मी पाय मागे घेतले. म्हणाले, "या पाटावर पुन्हा बसायचं नाही. तू नाही आणि तोही नाही."

"ताई, मी आलो नसतो तर दुसरे आले असते," तो म्हणाला. "गन काढून आले असते गं. ते त्याला ओळखत नाहीत."

मी दार लावून घेतलं.

शिवच्या मायेपोटी बोलले असते तर आज एवढं लागलं नसतं. मला राग बेड्यांचा आला नव्हता. त्या माझ्या दारात, सगळ्यांना दिसतील अशा पडल्या याचा आला होता. एक भाऊ तुरुंगात चालला होता, दुसरा त्याला स्वतःच्या हाताने नेत होता, आणि मी विचार करत होते की आता मंडळात काय सांगायचं. याची मला लाज वाटते.

दोघांनीही माझा शब्द पाळला. शिव शिक्षा भोगून सुटला, आता ॲबिलीनला टायरच्या दुकानात आहे. सुटल्यावर त्याचा फोन आला, "ताई, येऊ का?" मी म्हटलं, "या वर्षी नको, पाहुणे आहेत." पाहुणे नव्हते. यतीन निवृत्त झाल्याचं मला स्वानंदीकडून कळलं. एकमेकांशीही ते बोलत नाहीत. त्यांची भेटायची जागा एकच होती, ती मी बंद केली.

ज्या बाईला भाऊ नाही तिने भाऊबीजेला चंद्राला ओवाळावं अशी आपल्यात पद्धत आहे. तेव्हापासून मी तबक घेऊन ड्राइव्हवेवर उभी राहू लागले. बीजेची कोर लगेच मावळते, कधी दिसतही नाही. मी अंदाजाने पश्चिमेला ओवाळायची, म्हणजे माझे जितेजागते भाऊ जिकडे होते तिकडेच. एकदा मंडळात नवीन आलेली एक मुलगी हळहळली, "सो सॅड यार, काकू, एकपण भाऊ नाही तुम्हाला?" मी मान हलवली. रुपाली शेजारीच उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं, पण ती एक अक्षर बोलली नाही. म्हणून कलम ४ मधली अट मी काढून घेते. कुंड्या तिने हव्या तिथे ठेवाव्यात.

कलम ६. आता भावांना काही न ठेवण्याचं कारण. अनन्याने मला समजावलं, की मृत्युपत्रातून ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, नाहीतर त्याला ठेवलेलं रद्द ठरू शकतं. ज्याला काही मिळत नाही त्याने खुशाल व्हावं. मी तिथल्या तिथे ठरवलं.

"पण काकू, हँडरिटन असेल तर इथे विटनेस लागतच नाहीत," ती म्हणाली.

"मला लागतात. दोन."

"आणि शिवमामा? जेलमध्ये जाऊन आलेला विटनेस? कोणी चॅलेंज केलं तर?"

"कोण करणार? स्वानंदी?"

तर दोघांना आजच्या दिवशी सहीसाठी बोलावलं आहे. नुसतं 'या' म्हणायला मला तोंड नव्हतं, म्हणून वकिलाच्या पत्राने बोलावलं. याचीही लाज वाटते, पण मरणाचं निमित्त करून बोलावलं तर ते नाही म्हणणार नाहीत, हे मला माहीत होतं.

कलम ७. माझं दहन इथल्याच दहनगृहात व्हावं. बटण स्वानंदीने दाबावं. तिच्या दोन्ही मामांनी तिच्या मागे उभं राहावं, आणि तेही एकाच बाजूला.

कलम ८. ओवाळायचं तबक, निरांजन आणि दोन पाट स्वानंदीला. तिने चंद्राला ओवाळायला हरकत नाही. तिला खरोखरच भाऊ नाही.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी स्वानंदीने करावी. यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रं, त्यांच्या पुरवण्या, आणि २०१६च्या भाऊबीजेला माझ्या दारात यतीनला उद्देशून बोललेलं वाक्य, हे सर्व मी आज रद्द करते. त्यांपैकी काहीही यापुढे कुणावर बंधनकारक नाही.

ठिकाण: फ्रिस्को, टेक्सास
दिनांक: २३ ऑक्टोबर २०२५, भाऊबीज

(सही) वीणा श्रीराम केळुसकर

या मृत्युपत्रावर वीणाताईंनी आम्हा दोघांच्या समोर सही केली आणि आम्ही त्यांच्या समोर, एकाच टेबलावर बसून साक्ष घातली.

साक्षीदार १: (सही) यतीन वालावलकर
साक्षीदार २: (सही) शिव वालावलकर

सह्यांच्या खाली लिहिलेलं कायदा धरत नाही, असं अनन्या कळवळून सांगते आहे. म्हणूनच हे खाली लिहिते.

दोघे आले, पण आपापल्या गाडीत बसून राहिले, एकाची गाडी रस्त्याच्या या बाजूला आणि दुसऱ्याची त्या बाजूला. आधी कुणी उतरायचं ते ठरेना. शेवटी मी वॉकर ढकलत ड्राइव्हवेवर गेले आणि आईसारखी ओरडले, "पानं वाढलीत!" गाड्यांची दारं एकदमच उघडली. रुपालीच्या कॅमेऱ्यात हेही आलं असणार, आणि येऊ दे.

सही करताना शिवचं पेन उठेना, तेव्हा यतीनने आपलं पुढे केलं. अनन्या कागद आवरायला थांबली आहे. मी निरांजन लावून ठेवलं आहे. शिव हॅट घालून पाटावर कधीचा बसला आहे. यतीन आपल्या पाटाजवळ उभाच आहे, हॅट हातात धरून.

"ताई," तो विचारतो आहे, "बसू का?"