उपाशी मशीन

इचलकरंजी,
९ जानेवारी २००४

प्रिय पेरू,

पेरू म्हणू नका असं तू कितीदा बजावलंस, पण पाकीट तूच फोडणार आहेस, तेव्हा चालतंय. तुझ्या आईला मरेपर्यंत प्रेरणा म्हणता आलं नाही, त्याला मी काय करू. पत्र मुद्दाम तू शिकवतेस त्या शाळेच्या पत्त्यावर टाकतोय, सासरच्या नाही. त्या रविवारी तू फोन ठेवलास त्याला आज एकोणीस दिवस झाले. तू बराच वेळ बोललीस, मी "छान झालं, छान झालं" म्हणालो, मग तू फोन ठेवून दिलास. त्यानंतर लातूरहून फोन नाही. मी दोनदा केला, प्रेरणाला द्या म्हणून ओरडलो, पलीकडून कुणीतरी काहीतरी बोललं आणि ठेवून दिला. तू रागावली असशील. पण आधी मशीनची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं लिहायला माझा हात धजणार नाही.

कुरुंदवाडच्या आकारामनं वखारीसाठी झाडं कापायची नवी मशीन घेतली, चेनसॉ. खोकंसुद्धा न फोडता ती माझ्या गॅरेजात आणली, कारण या बाजूला इंजिन कानानं लावणारा एकच मिस्त्री आहे, तो म्हणजे तुझा बाप. स्वतःच्या तोंडानं सांगतोय, पण खोटं नाही. अठरा वर्षं यंत्रमागावर जॉबर होतो, बिघडलेले माग लावून द्यायचो. अख्खी शेड खडखडत असताना कुठल्या मागाचं काय दुखतंय ते दारातून सांगायचो. नंतर फवारणीचे पंप म्हण, लुना म्हण, सगळं कानानंच केलं. कान हीच माझी डिग्री. आकारामला मी चांगलं तासभर शिकवलं. नवी मशीन म्हणजे नवी सून, पहिल्याच दिवशी तिला अख्ख्या गावाचा स्वयंपाक सांगायचा नसतो. पेट्रोलच्या पहिल्या चार-पाच टाक्या हलकं लाकूड, मध्ये मध्ये विसावा, रिकामी असताना उगीच रेस करायची नाही. तेल मोजून पेट्रोलमध्ये मिसळलं. नवी चेन तापली की सैल पडते, ती थंड होऊ देऊन दोनदा ताणली. चेनला तेल पोचतंय का ते बघायला तिच्यासमोर पांढरा पुठ्ठा धरला, त्यावर तेलाची बारीक रेघ उठली. हे सगळं डोळ्यांचं काम होतं. ते चोख झालं.

मग राहिलं कानाचं. तुला आठवतंय का, तू चौथीत होतीस, हेडमास्तरांची लुना मी लावत होतो आणि तू दप्तर पाठीला तसंच ठेवून म्हणालीस, "अप्पा, ही उपाशी हाय." मी हसलो. उघडून बघतो तर कार्बोरेटरमध्ये कचरा, पेट्रोल पोचतच नव्हतं. तेव्हापासून आपल्या गॅरेजात पेट्रोल कमी पडणाऱ्या इंजिनाला उपाशी म्हणतात. उपाशी इंजिनाची खोड तुला माहीतच आहे, ते रडत नाही. उलट बारीक, गोड आवाजात सुसाट पळतं, ऐकणाऱ्याला वाटतं काय मजेत चाललंय, आणि एके दिवशी जागेवर जाम होतं. म्हणून नवी मशीन जरा भरल्या पोटी ठेवायची. पूर्ण रेस केली की आवाजात थोडी घरघर राहिली पाहिजे, पातं लाकडात गेलं की ती आपोआप जाते. मी रेस केली. मला घरघर तेवढी ऐकू आली. जास्तच वाटली, म्हणून पेट्रोल कमी करायला स्क्रू थोडा आत घेतला. आणखी थोडा घेतला. आकारामचा माणूस जोतीराम शेजारी उभा होता, त्यानं कानावर हात ठेवले आणि काहीतरी म्हणाला. मला वाटलं, वाहवा करतोय. मी मान डोलावली.

तिसऱ्या टाकीला बाभळीच्या बुंध्यात मशीन जाम झाली. परत आणली, मी खोलली, पिस्टनवर उभे ओरखडे. तेल बरोबर होतं, ते मी स्वतः मोजलं होतं. म्हणजे मशीन उपाशी होती आणि तिला उपाशी मीच ठेवलं होतं. मग आकारामनं सांगितलं की जोतीराम त्या दिवशी म्हणत होता, मिस्त्री, लई किंचाळतंय ओ. आकाराम भांडला असता तर बरं झालं असतं, मीही चार शब्द सुनावले असते. त्यानं माझ्या अगदी जवळ तोंड आणलं आणि म्हणाला, "मिस्त्री, एकदा कान दाखवून या की."

कोल्हापूरला जाऊन आलो. एका काचेच्या खोलीत बसवलं, डोक्यावर पट्टा चढवला, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी बटणावर अंगठा ठेवून बसलो. काचेपलीकडची मुलगी आपलं काम करत होती, मी वाट बघत होतो. मध्ये काही जाड आवाज आले, ते दाबले. पुढे बराच वेळ काहीच नाही. शेवटी ती आत आली, तेव्हा मी म्हटलं, बाई, पुढचं सुरू करा की. तिनं माझ्याकडे बघितलं आणि हातानंच खूण केली, झालं. पेरू, तेवढा मी आयुष्यात कधी लाजलो नव्हतो. डॉक्टरांनी कागदावर लिहून दाखवलं. मागाच्या आवाजानं बारीक सूर गेलेत, गेले ते परत येणार नाहीत. पाखरं, शिट्टी, बायकांचं आणि मुलांचं बोलणं. कानाला मशीन लावून थोडं भागेल म्हणाले. एसटीत बसून मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला आणि हातकणंगले आलं तेव्हा मला तुझा फोन आठवला.

त्या रविवारी तू काय बोललीस, त्यातलं एक अक्षरही मला कळलं नाही. गेली दोन वर्षं ऐकू आलं नाही की मी "छान झालं" म्हणतो, आणि आजवर ते सगळीकडे खपलं. तुझा आवाज वर-खाली होत होता, मला वाटलं हसतेस. आता वाटतं, हसत नव्हतीस. गाडीत बसून थेट तुझ्या दारात यावं असं रोज वाटतं, पण येऊन करू काय? तिथे तू सासूला ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलणार, आणि हळू मला ऐकू येत नाही. म्हणून पाया पडतो, काय म्हणाली होतीस ते लिहून कळव. खरंच छान असेल, तर मी पुन्हा एकदा छान म्हणेन. नसेल, तर मी ते म्हणालोच नाही. आणि त्या दिवशी तू न्यायला या असं म्हणाली असशील, तर पत्र लिहीत बसू नकोस, पहिल्या गाडीनं निघ. कुठल्याही वेळी ये. दार वाजवू नकोस, मला ऐकू येणार नाही. कडी लावायची मी सोडली आहे, नुसतं ढकल.

तुझाच,
अप्पा