कॅपॅसिटर बदलल्यावर

६ जानेवारी, सोमवार

कामावर गेलो. सात वजनकाटे तपासले, एक नापास. दुकानदार म्हणाला, "साहेब, पाच ग्रॅमनं कुणाचं काय जातंय?" शिक्का मारला नाही. घरी येऊन भात लावला. अजून एका माणसाचा अंदाज येत नाही, उरतोच.

जेवण झाल्यावर उजव्या स्पीकरचे मागचे स्क्रू काढले. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच. तीन महिने झाले.

रविवारी माझा मित्र मीटरवाला येणार आहे. वीज खात्यातून निवृत्त झाला तरी खिशातला मीटर काही सुटत नाही त्याचा. वीस वर्षं आमचं एकच भांडण. स्पीकरच्या पेटीत बोटाएवढी एक नळी असते – कॅपॅसिटर. बारीक आवाज पुढे सोडते, जाड आवाज अडवते. मी म्हणतो, साध्या नळीचा आवाज वेगळा आणि चांगल्या नळीचा वेगळा. तो म्हणतो, "आकडा तोच, तर आवाज तोच. बाकी सगळे मनाचे खेळ."

आज फोनवर म्हणाला, "एकदाचा सोक्षमोक्ष लावून टाकू. तेवढाच तुझा वेळ जाईल."

वेळ जाईल म्हणे.

८ जानेवारी, बुधवार

तिची वही काढली. तिची म्हणजे माझीच, पण आत वाक्यं तिची. दर वेळी नळी बदलली की रविवारी दुपारी तिला बोलवायचो. तीच रेकॉर्ड, तेच गाणं. "कसं वाटतंय?" ती सांगायची, मी तारखेसकट लिहून ठेवायचो.

बायकांचे कपडे शिवायची ती, त्यामुळे बोलणंही तसंच. "आधीच्याला अस्तर नव्हतं, ह्याला आहे." "काठ उसवल्यासारखा वाटतो." "आता कसं, इस्त्री फिरवल्यासारखं!" आठशे रुपयांची जोडी आणली तेव्हा, "हे रेशीम. पण खांद्यात घट्ट आहे."

मला स्वतःला कधी एवढं स्पष्ट कळलं नाही. कधी वाटायचं कळलं. मग ती सांगायची आणि खात्रीच व्हायची. मीटरवाल्याला मी छातीठोकपणे म्हणायचो, तुझ्या मीटरला कान नाहीत, माझ्या घरात कान आहेत!

१० जानेवारी

एक बाई आपलं कापड परत न्यायला आली. मापं घेऊन ठेवली होती, शिवायचं राहिलं. कपाटात चिठ्ठी टोचलेली सापडली. देऊन टाकलं.

१२ जानेवारी, रविवार

मीटरवाला साडेदहालाच हजर. सोबत स्विच, चादर आणि एक कागद. म्हणाला, "एकाच स्पीकरवर करू. दोन असले की माणूस इकडेतिकडे बघत बसतो." साधी नळी आणि महागडी नळी दोन्ही जोडल्या. मीटरवर आकडे जुळवून घेतले. मग तो चादरीमागे. तो स्विच टाकणार, मी फक्त सांगायचं – साधी की महाग. वीस वेळा.

पहिल्या पाच वेळा मला अगदी लख्ख कळत होतं. तसं वाटत होतं.

वीसपैकी नऊ बरोबर.

"नाणं उडवलं असतंस तर दहा आले असते," म्हणाला. हसला. मीही हसलो. मग चहा पिताना तो हलकेच म्हणाला, "वहिनींना मात्र कळायचं, असं म्हणायचास."

तो कप धुऊन ठेवून गेला. जाताना खांद्यावर हात ठेवला. तेवढं नको होतं.

१३ जानेवारी

मला कळत नाही हे कबूल. पण तिला कळत होतं का? एवढंच मला हवं आहे आता. कळत नसेल, तर ती वीस वर्षं दर रविवारी माझ्यासमोर बसून खोटं बोलत होती. आणि मी ते लिहून घेत होतो.

लोकांचे काटे तपासतो मी!

१९ जानेवारी, रविवार

मेहुणीला फोन केला. आडवळणाने विचारायचं ठरवलं होतं, पण मला ते जमत नाही. सरळच विचारलं. तुझ्या ताईला खरंच फरक ऐकू यायचा का?

ती आधी हसली.

"भावोजी, आता कशाला ते?"

"सांग."

"मी एकदा विचारलं होतं तिला. म्हणाली, अगं, दोन-दोन दिवस मान मोडून वायरींना डाग देत बसतात, घामाघूम होतात. आणि मग असं बघतात माझ्याकडे. काहीतरी चांगलं बोलायला नको का? कापडाचं काहीतरी सांगते. खूश होतात."

मी म्हटलं, "बरं."

"रागावलात का?"

"छे, रागवायचं काय त्यात."

फोन ठेवला. तिनं मला सांभाळून घेतलं, असं लोक म्हणतील. चांगली होती, म्हणतील. होतीच. पण मला वाटायचं, त्या एका तासात आम्ही दोघं एकाच गोष्टीकडे बघतोय. ती माझ्याकडे बघत होती. गाण्याजवळ मी एकटाच होतो, वीस वर्षं.

२० जानेवारी

शिवणयंत्रावर कव्हर घातलं.

२३ जानेवारी, गुरुवार

वही फेकायला काढली, आणि वाचत बसलो. आता प्रत्येक वाक्यात मला ती खोटं जुळवताना दिसते. "अस्तर." "रेशीम." शाबास!

शेवटची नोंद गेल्या मे महिन्याची. डाव्या पेटीत नवी नळी बसवली होती, वर्षाची बचत घालून. तिचं वाक्य – "अहो, आज गाणारी बाई कुठे उभी आहे तेच कळत नाही." खाली माझ्या अक्षरात – "नवी नळी. मुरायला शंभर तास लागतात. थांबावं." पुस्तकात तसंच लिहिलं होतं, आणि मी तिला तसंच सांगितलं. ती म्हणाली, "असेल."

त्यानंतर काही नाही. पुढच्या रविवारी "ठीक आहे" म्हणाली. मग एकदा डोकं दुखतंय म्हणाली. मग येईनाशीच झाली. स्वयंपाकघरात बसून काजं करायची. तेव्हा तब्येत उतरलेली होती, मी तेच कारण धरलं. आता कळतं. कंटाळली असेल. नाटक तरी माणूस किती वर्षं करणार.

२८ जानेवारी

मेहुणीच्या इमारतीत एक संगीतशिक्षिका राहतात. त्यांना स्पीकर हवेत म्हणे. घेऊन जा म्हटलं. फुकट. मेहुणी म्हणाली, "भावोजी, आठवडाभर विचार करा." विचार झालाय.

१ फेब्रुवारी, शनिवार

दोन्ही पेट्या पुसल्या. उजवीत साधी नळीच राहू दिली. काय फरक पडतो.

८ फेब्रुवारी, शनिवार

स्पीकर उद्या जाणार होते. मीटरवाला दुपारी आला, पेट्या बांधायला मदत म्हणून. दोरी आणली होती. मी म्हटलं, चल बांधू. तर म्हणाला, "देण्याआधी सेल लावून बघ. नाहीतर त्या बाई तुझ्या नावानं बोटं मोडतील." जुनी पद्धत आहे. घड्याळातला साधा सेल दोन वायरींना टेकवायचा. स्पीकरचा पडदा बाहेर आला, म्हणजे जोडणी सरळ.

उजवा – टक् – बाहेर.

डावा – टक् – आत.

"उलटा लावलास सेल," तो म्हणाला. पुन्हा लावला. आत. त्यानं माझ्या हातातून सेल घेतला, स्वतः लावला. आत.

पेटी उघडली. नळी बसवताना मी मागची जोडणी सोडवली होती आणि परत डाग देताना दोन वायरींची अदलाबदल केली होती. लाल जागी काळी. डाग मात्र सुरेख, चकचकीत. मे महिन्यापासून एक स्पीकर पुढे ढकलतोय आणि दुसरा मागे ओढतोय.

"तुला कळलं कसं नाही रे?" तो म्हणाला. "असं झालं की गाणारा मधून नाहीसाच होतो. भिंतभर पसरतो. हे तर कुणालाही –" आणि थांबला. मग म्हणाला, "तू कुठे बसायचास?"

मी दाखवलं. उजव्या बाजूला, रेकॉर्डच्या यंत्राजवळ, स्टुलावर. एक कान स्पीकरला चिकटलेला. बटणं माझ्या हाताशी लागायची ना! तिथून एकच स्पीकर ऐकू येतो.

"आणि वहिनी?"

मधल्या खुर्चीवर. दोन्ही पेट्यांच्या बरोबर समोर. तिथे मीच तिला बसवायचो.

त्यानं कसलाही विनोद केला नाही. दोरी गुंडाळून खिशात घातली आणि म्हणाला, "उद्या मी येत नाही. तू बघ निवांत."

९ फेब्रुवारी, रविवार

मेहुणीला फोन केला, स्पीकर देत नाही. "का हो, भावोजी?" सांगता आलं नाही. त्या शिक्षिकाबाईंची माझ्या वतीनं माफी माग म्हटलं.

वायरी नीट जोडल्या. दहा मिनिटांचं काम. चार स्क्रू. मधल्या खुर्चीवर बसलो. गाणारी बाई समोर उभी राहिली – भिंतीच्या मधोमध, वीतभरही इकडेतिकडे नाही.

ती खरं बोलली होती. नळीबद्दल नाही, कधीच नाही. पण त्या दिवशी, एकदा, जे ऐकू आलं तेच तिनं सांगितलं. आणि मी म्हटलं, शंभर तास थांब.

एक बाजू संपली. उठलो. सुई उचलली, फडक्यानं धूळ टिपली, दुसरी बाजू लावली.