धोंडबाच्या नावाचं मीटर

३ फेब्रुवारी, सोमवार

झाले! हजार युनिट पूर्ण! सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी सोलरच्या मीटरवर आकडा फिरला अन् मी छतावर एकटीच टाळ्या वाजवल्या. शेजारच्या सिंधूताई भिंतीवरून डोकावल्या — "काय झालं वं पुष्पे? सोनिकाचं लग्न जमलं का?" म्हटलं, त्याच्याहून मोठं!

सोनिकानंच, माझ्या पोरीनं, ही पुण्याची कंपनी शोधून दिली. ते लोक आपल्यासारख्या लहान लहान छतांची वीज एकत्र मोजतात. हजार युनिट उन्हाची वीज झाली की एक हरित प्रमाणपत्र. ते विकता येते. कारखानेवाले घेतात — आम्हीही स्वच्छ वीज वापरली, असं त्यांले दाखवायचं असते.

हे हसले. "वीज आपण वापरली, पंखा आपला फिरला. मग विकून काय राहिली तू?" यांनी इतवारीच्या बाजारात चाळीस वर्षं भांडी विकली. जे ठोकून वाजवता येत नाही, तो यांच्या लेखी मालच नाही.

हसू द्या. मले त्या कागदावर नाव पाहिजे. माझं! पॅनल माझ्या रिटायरमेंटच्या पैशाचे. घर यांच्या नावावर, दुकान यांच्या, गाडी यांच्या. माझ्या नावावर गॅसचं पुस्तक तेवढं.

७ फेब्रुवारी

नाक कापलं गेलं माझं! कंपनीतल्या अस्मिताचा फोन आला. "काकू, मीटर कोणाच्या नावावर आहे?" बिल काढून पाहिलं — धोंडबा कृष्णाजी बोरकुटे.

मामाजी! माझे सासरे! त्यांले जाऊन एकोणीस वर्षं झाली!

एकतीस वर्षं मी वीज ऑफिसच्या खिडकीत बसली. किती लोकांवर ओरडली असंन — "वडील वारले ना दादा? मग मीटर नावावर करून घ्या, पुढं त्रास होते!" अन् माझ्याच घरात? दिव्याखाली अंधार. सोलर लावतानाही बिलावरचं नाव जसंच्या तसं टाकलं. कोणी विचारलं नाही, आपण सांगितलं नाही.

अस्मिता म्हणे, मीटरधारकाचा मीटरजवळ उभं राहून काढलेला फोटो पाठवा. म्हटलं, बाई, मीटरधारक बैठकीत हार घालून आहेत, खिळ्यावरून उतरवू का? ती हसलीही नाही. एकतीस मार्चपर्यंत मीटर माझ्या नावावर पाहिजे, नाहीतर लहान छतांच्या गटाची यादी बंद. माझे हजार युनिट बाद.

८ फेब्रुवारी

जेवताना विषय काढला. वारस हे, म्हणून यांची सही पाहिजे — मीटर बायकोच्या नावावर करायले माझी हरकत नाही, एवढंच लिहायचं. यांनी ताट सरकवलं.

"बाबाचं नाव काढून टाकतेस?"

"अहो, बिलावरचं नाव! सातबारावरचं नाही!"

"काढायचं नाही."

संपलं. उठून गेले. जाता जाता स्वयंपाकघरातला बल्ब बंद केला. मी अजून जेवून राहिली होती!

ही सवयही मामाजींचीच. म्हातारा दिवसभर घरात फिरायचा अन् बल्ब विझवायचा. "कोणासाठी उजेड चालू आहे गा?" देवघरातला झिरोचा बल्बही सुटला नाही. माझ्या लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मी न्हाणीघरात असताना बाहेरून बटण दाबलं होतं!

१५ फेब्रुवारी

अबोला.

१८ फेब्रुवारी

अबोलाच. पण भाजीत मीठ कमी होतं ते बोलले.

२४ फेब्रुवारी

आता हे एक! युनिट एकदम अर्ध्यावर आले. वर जाऊन पाहते तर सिंधूताईंनी माझ्या पॅनलवर धोतर अंथरून मुंगवड्या वाळत घातलेल्या! "तिथं ऊन चांगलं लागते ना वं." माय वं! म्हटलं, ताई, ते ऊन बुक झालं आहे! रागही आला अन् हसूही. निम्म्या मुंगवड्या मले देऊन गेल्या. संध्याकाळी यांले भाजी करून घातली. दोनदा मागून घेतली. सहीचं नाव नाही.

सोनिकाले फोन केला अन् रडली. खरंच रडली. म्हटलं, बाई, तुझ्या बापाले मी अन् माझे पॅनल दोन्ही जड झाले.

४ मार्च, मंगळवार

आजचं नीट लिहून ठेवते.

हे बिल भरायले निघाले. मीही निघाली — म्हटलं, यांच्या सहीशिवाय काही होते का, ते तरी विचारू. मले नेहमी राग यायचा. मोबाईलवर दोन मिनिटांत बिल भरता येते, पण हा माणूस एकोणीस वर्षं दर महिन्याले सक्करदऱ्याच्या घरून वीज ऑफिसात जातो, रांगेत उभा राहतो. माझी ड्युटी दुसरीकडे, म्हणून यांच्यासोबत रांगेत मी कधी उभीच राहिली नव्हती.

आमचा नंबर आला. खिडकीतल्या माणसानं बिल घेतलं, पावती फाडली अन् आवाज दिला — "धोंडबा बोरकुटे?"

"हाव," हे म्हणाले.

बस, एवढंच. हाव. जसं काही यांचंच नाव. अन् चेहरा असा झाला, की मी कधी पाहिला नव्हता.

बाहेर आलो. मी विचारलं, "म्हणून येता काय?" पावतीची घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "साऱ्या दुनियेत इथंच एक माणूस बाबाले आवाज देते. बाकी कोणी नाव घेते का त्याचं? सांग ना."

लग्नाले छत्तीस वर्षं झाली, अन् मले हे माहीत नव्हतं! डोळे भरले. म्हटलं, "चला घरी. नाही पाहिजे मले प्रमाणपत्र. राहू द्या मामाजींचं नाव." मनापासून म्हटलं. देवाशपथ!

हे पार्किंगपर्यंत आले. गाडीची चाबी काढली. थांबले.

"ते कागद आहेत काय पिशवीत?"

"आहेत."

"मग चाल. बाबाले अर्धवट काम आवडत नव्हतं."

परत आत गेले अन् उभ्या उभ्या सही केली! गणपतराव धोंडबा बोरकुटे. धोंडबा हा शब्द जरा मोठाच लिहिला.

५ मार्च

काही सुचलं नाही आज. पुरणपोळी केली. सण नसताना!

२२ मार्च

मीटर झालं माझ्या नावावर! एकतीस वर्षं जिथं नोकरी केली, त्यांनीच मले चार चकरा मारायले लावल्या, पण झालं! लाल काठाची साडी नेसून मीटरजवळ उभी राहिली. फोटो यांनीच काढला. "थोडं हास वं, मीटरवर आली आहेस, फासावर नाही." अस्मिताले पाठवला. ती या वेळी हसली!

३० मार्च, पाडवा

गटात नाव लागलं! एक दिवस आधी! गुढी उभारली ती पॅनलपासून लांब. सावली नको.

१८ एप्रिल

आलं, आलं, आलं!

उत्पादक — पुष्पलता गणपतराव बोरकुटे. एक हजार युनिट. खाली नंबर, खाली सही.

उत्पादक! साठ वर्षांत मले लोकांनी काय काय म्हटलं — वहिनी, काकू, बिलवाली बाई. उत्पादक कोणी म्हटलं नव्हतं. कागदाचा प्रिंट काढून सिंधूताईंले दाखवला, दूधवाल्याले दाखवला, पारशिवनीच्या भावाले मोबाईलवर पाठवला. त्याचा फोन आला, "पुष्पे, तू ऊन विकते म्हणे! आमच्याकडे लय पडून आहे, घेऊन जा!" म्हटलं, तू छत दे, मग पाहू.

नवीन बिल आलं होतं, माझ्या नावाचं. यांनी दोन्ही बाजू पाहिल्या अन् खणात ठेवून दिलं. ते पाहून माझा आनंद थोडा उतरला. खोटं काहून लिहू?

जेवताना मात्र म्हणाले, "हे घेणारा जो कोणी असंन, तो आपलंच नाव टाकते काय त्यावर?"

म्हटलं, "हो. नाहीतर ज्याच्या नावानं वीज वापरली म्हणायचं असंन, त्याचं."

"असं," म्हणाले, अन् वरण मागितलं.

२ मे

विकलं गेलं! अस्मिताचा मेसेज. विकायले ठेवलं त्याच्या पहिल्याच दिवशी! घेणाऱ्याचं नाव कागदावर येईल म्हणे. मी यांले म्हटलं, बुटीबोरीचा मोठा कारखाना असंन, पाहून घ्या! हे म्हणाले, "असंन बापा." अन् मिशीत हसले. सोनिकाचाही दोनदा फोन — "आई, कागद आला का? आला का?" हिले काय एवढी घाई!

९ मे, शुक्रवार

कागद आला.

उत्पादक — पुष्पलता गणपतराव बोरकुटे.

खरेदीदार — गणपतराव धोंडबा बोरकुटे.

वीज कोणाच्या नावानं वापरली — धोंडबा कृष्णाजी बोरकुटे.

हजार युनिट! अन् तेही मामाजींच्या नावानं! मी फोटोसमोर उभं राहून मोठ्यानं वाचलं, तिन्ही नावं. मग बैठकीतला बल्ब लावला, भर दुपारी. हे बाजूच्या खोलीतून आले, बल्बकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं.

बंद नाही केला.