ओल्या फडक्याने पुसलेली कॅसेट

आई,

मी तुयेच्या फॅक्टरीत पहिल्या पाळीला जाते. तुमचा डोळा लागला होता म्हणून उठवलं नाही. पदेर पाव देऊन गेला, उंडे डब्यात ठेवलेत.

तुमची व्हिडिओ गेमची कॅसेट बंद पडली ती आपल्या छोट्या सर्वेशमुळे नव्हे. धूळ दिसली म्हणून मीच ती ओल्या फडक्याने आतून-बाहेरून पुसली होती. तुम्ही त्याला "तुयाच मोडलंस ती!" म्हणून ओरडलात, तेव्हा मी तिथेच उभी होते आणि गप्प राहिले. चुकलं माझं. हाताचं प्लॅस्टर काढल्यापासून बोटं मोकळी व्हावीत म्हणून तुम्ही रोज दुपारी खेळायचात. आता आठ दिवस हात मांडीवर ठेवून नुसत्या बसता, ते मला बघवत नाही.

काल फॅक्टरीत सर्किट तपासणाऱ्या संजना मॅडमना विचारलं. त्या हसल्याच. म्हणाल्या, "अगो, पाणी नको आणि फुंकरही नको. तोंडाच्या वाफेने गंज चढता." त्यांनी सांगितलं तशा आतल्या पिवळ्या पट्ट्या खोडरबरने हलक्या हाताने घासल्या, कापसाच्या काडीने स्पिरिट फिरवलं आणि कॅसेट पूर्ण सुकू दिली. मघाशी घालून बघितली, तर लगेच चालू झाली!

माझी ही नोकरी तुम्हाला पटत नाही, ठाऊक आहे. त्यावर आपण दोघी बसून बोलू. मी साडेतीनला येते. दुसरा रिमोटही जोडून ठेवलाय, मला खेळायला शिकवा.

अश्विनी