दहा मिनिटांची पैज

४ मार्च

ती. बाबांना सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही नुसतं ‘हं’ म्हणता, म्हणून लिहितेय. मागच्या पत्रात तुम्ही विचारलंत, तुझं वीज केंद्र अजून झोपलंय का. हो, झोपलंय! गॅसवरचं आमचं केंद्र गेल्या वर्षी जेमतेम बावीस संध्याकाळी चाललं. दिवसभर ऊन आणि वारा वीज देतात, तोवर आम्हाला कोण विचारतो? सूर्य मावळला, वारा पडला आणि घरोघरी एकदम दिवे लागले, की मग आमची आठवण होते.

आता मुख्य कचेरीनं फर्मान काढलंय. सोळा तारखेला चाचणी. हाक आल्यापासून दहा मिनिटांत यंत्र पूर्ण भरात आलं तर ठीक, नाहीतर केंद्राला कुलूप आणि माझी रवानगी कुठल्यातरी फायलींच्या खोलीत. पाळीप्रमुख होऊन मला दोनच महिने झालेत, आणि सरावात गॅसचा व्हॉल्व्ह दोनदा वेळेवर उघडलाच नाही. संगणकाच्या पडद्यावर मात्र सगळं हिरवंगार! बाबा, मला इथंच राहायचंय हो.

आईला नमस्कार. लोभ आहेच, चाचणीपुरता थोडा जास्त करा.

तुमची भिंगरी

७ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

चौतीस वर्षं मी कोळशाच्या बॉयलरपुढे काढली. आमची बया थंड पडली की उठायला आठ तास घ्यायची, पण एकदा उठली की महिनोन्महिने बसायची नाही. दहा मिनिटांत तर आमच्या घरी चहासुद्धा होत नाही, असं म्हणालो, तर तुझ्या आईनं डोळे वटारले. तुझं यंत्र दहा मिनिटांत भरात आलं तर मिशी उतरवीन. घे, लेखी दिलं.

आता कामाचं ऐक. तुझा तो व्हॉल्व्ह हवेच्या दाबावर उघडतो ना? बसून राहिलेल्या यंत्राच्या हवेच्या नळीत पाणी साचतं. आम्ही पाळीवर आलो की आधी नळीचा खालचा कॉक उघडून पाणी सोडायचो, मग हजेरी. तुमच्या पडद्याला ते दिसायचं नाही. स्वतः जा, दुसऱ्याला पाठवू नकोस. आणि जेवत जा वेळेवर.

तुझा बाप (अजून मिशीसकट)

१३ मार्च

ती. बाबांना सा. न. वि. वि.

वाटीभर पाणी निघालं! गंजाळलेलं, लालभडक. मी तिथंच ओरडले, फिटर घाबरून धावत आला.

आणि चाचणीची वाट बघावीच लागली नाही. काल संध्याकाळी वारा पडलेला, त्यात वीजनिर्मितीचा कुठलासा मोठा संच धाडकन बंद पडला. वीज वाटणाऱ्या केंद्राचा फोन आला, लगेच उठवा. मी बटण दाबलं. व्हॉल्व्ह उघडला, ज्योत धरली आणि नवव्या मिनिटाला आम्ही पूर्ण भरात! आमचे साहेब जन्मात हसत नाहीत, त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. मुख्य कचेरी म्हणाली, हीच चाचणी समजा. कुलूप टळलं, बाबा.

बंद पडलेला संच कोणता, सांगू? रागावू नका हं. तुमचीच बया. बॉयलरची नळी फुटली.

मिशीचं मनावर घेऊ नका. माया मात्र कमी करू नका.

तुमची भिंगरी

१७ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

रागावू कशाला? तिचंही वय झालं, माझ्यासारखंच. त्या संध्याकाळी दिवे गेले तेव्हा सवयीनं घड्याळ बघितलं, सहा बेचाळीस. आले तेव्हा सहा बावन्न. माझी बया पडली आणि माझ्या लेकीनं सावरलं, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं? पत्र वाचताना डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

शब्द म्हणजे शब्द. मिशी उतरवली. पाणी रोज सोडत जा.

तुझा बाप

भिंगरे, उरलेल्या कोपऱ्यात मी लिहितेय. मिशी गेली खरी, पण सकाळपासून घरोघरी तुझं पत्र वाचून दाखवताहेत, आणि दर ओळीला त्या मोकळ्या ओठावरच ताव देताहेत.

आई